बाबांचा गोफणकाटा

९ ऑगस्ट २०२०, रविवार

बाबांनी आज गॅरेजच्या दाराला तिसऱ्यांदा तेल दिलं. आता बोट लावलं तरी ते सुळ्ळकन वर जातं आणि आत बसलेला त्यांचा जावई मंदार दचकतो, कारण त्याचं ऑफिस मार्चपासून तिथेच. घरातल्या बिजागऱ्या झाल्या, गळके नळ झाले, न गळणारेही उघडून झाले. मेलबर्नच्या टोकाला, टार्निटमधल्या चार वर्षांच्या घरात दुरुस्त करायला उरणार तरी काय?

लॉकडाउनचे नियम: घरापासून पाच किलोमीटर, बाहेर दिवसाला एक तास, रात्री आठला कर्फ्यू. बाबा तो एक तासही पुरता वापरत नाहीत. "सगळी घरं सारखी. वळलो की हरवतो."

जेवताना परत तेच. "शुभा, माझं नाव यादीत घातलंस ना?" भारतात परत नेणाऱ्या विमानांची यादी. म्हटलं, घातलंय. खोटं नाही, जुलैतच घातलंय. पण सीट मिळू नये म्हणून मी रोज देवाला सांगते, ते कुणाला बोललेले नाही. इथे लिहून ठेवते.

१२ ऑगस्ट

ईराचा ऑनलाइन वर्ग. आठवीला मध्ययुग. बाबा चहाचा कप घेऊन मागून चालले होते, ते थांबलेच. स्क्रीनवर ट्रेबुशे. उंच लाकडी चौकट, तिच्यावर आडवा लांब दांडा, दांड्याच्या आखूड टोकाला वजनाची पेटी, लांब टोकाला दोरीची झोळी. पेटी धाडकन खाली येते, दांडा उसळतो, झोळीतला धोंडा किल्ल्याच्या तटापलीकडे.

बाबा मोठ्याने: "अरे, हा तर काटा आहे! बिघडवलेला!"

ईरा: "आजोबा! आय ॲम नॉट ऑन म्यूट!"

सगळ्या वर्गाने ऐकलं. बाबांना त्याचं काय. कराडजवळच्या साखर कारखान्यात छत्तीस वर्षं वजनकाट्याचे फिटर. अख्ख्या तालुक्याचा ऊस त्यांच्या काट्यावरून गेला. दुपारभर हसत होते. "जन्मभर दांडा समतोल राहावा म्हणून कानस घासली. आणि हे लोक बघ, मुद्दाम एक बाजू जड करतात."

आई गेल्यापासून असं हसणं ऐकलंच नव्हतं.

१४ ऑगस्ट

ईराने पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल केलं, फोटो पाठवला, मार्क मिळाले. "डन." तिच्यापुरतं मध्ययुग संपलं. बाबांचं सुरू झालंय. माझ्या टेस्ट रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदांवर ड्रॉइंग. दांडा आठ फूट.

मला धरून बसवलं आणि शिकवलं. "लहानपणी जोंधळ्यावरची पाखरं गोफणीने हाकायचो. एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत. फिरवायची आणि नेमक्या वेळी चिमूट सोडायची. लवकर सोडली तर दगड आभाळात, उशीर झाला तर स्वतःच्या पायावर. ह्या यंत्राला चिमूट नाही. म्हणून दांड्याच्या टोकाला खिळा. झोळीची कडी खिळ्यावर, दांडा वळला की कडी निसटते. खिळा किती वाकवायचा, सगळी गंमत त्यात."

नावही ठरलं. गोफणकाटा.

१९ ऑगस्ट

लाकूड क्लिक अँड कलेक्ट, ऑनलाइन मागवून दुकानाच्या दारातून उचललं. वजन काय लावायचं ह्यावर चर्चा. मी म्हटलं, मार्चमध्ये मंदारने घाबरून आणलेले तांदूळ आहेत, त्यात टोके झालेत, लावा तेच. बाबा असे बघायला लागले की मी पोतं परत आत ढकललं. "अन्न फाशी दिल्यासारखं लटकवायचं?" शेवटी मंदारच्या व्यायामाच्या लोखंडी चकत्या. एप्रिलमध्ये मोठ्या हौसेने मागवल्या होत्या, वेष्टनही काढलं नव्हतं.

मंदार: "बाबा, मी त्या वापरणार होतो हो."

बाबा: "वापरा ना, मंदारराव. बॅकयार्डपर्यंत उचलून आणा."

२२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

मूर्ती आमच्याकडे, माणसं व्हिडिओवर. आरतीत प्रत्येकाची टाळी वेगळ्या वेळी.

नैवेद्यानंतर बाबा कलशावरचा नारळ हातात तोलत मागच्या कुंपणापाशी गेले. कुंपणापलीकडे अजून प्लॉट पडलेले नाहीत, नुसतं गवत. बिल्डरने टाकलेला मातीचा ढीग आहे. साठएक पावलं. म्हणाले, "तिथे नारळ फोडायचा. तो ढिगावर पडला की माझं इथलं काम संपलं. मग मला विमानात बसवा."

मी म्हटलं, एवढी काय घाई?

"तीन महिन्यांचा पाहुणा आठवा महिना राहिलाय. लेकीच्या घरी कुणी राहतं का इतकं? माझ्या वडिलांनी तर आक्काच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही."

तिकडे कराडला बंद घर. शेजारी शिर्के काका किल्ली सांभाळून आहेत, तुळशीला पाणी घालतात, तेवढंच. बाबांच्या हृदयात दोन स्टेंट. वय बहात्तर. रोज बातम्यांत काय ते दिसतंय. आणि हे तिथे एकटे भात लावून खाणार. मला राग येतो. आजोबांचा येतो, बाबांचा येतो, त्या न प्यायलेल्या पाण्याचा येतो.

३० ऑगस्ट, रविवार

पहिला बार. नारळाआधी सराव बटाट्यांवर. बाबांनी सगळ्यांना मागे उभं केलं. खटका ओढला. बटाटा तिरका मागे, आमच्या डोक्यांवरून, शेजारच्या बलजीत आंटींच्या मेथीत.

कुंपणावरून आंटींचं डोकं. "बेटा, आलू वापस चाहिए, या मैं पराठे बना लूँ?"

अर्ध्या तासाने कुंपणावरून चार पराठे आले. बाबांनी दोन खाल्ले. शेजारणीकडचं चालतं, लेकीकडचं जड होतं!

२ सप्टेंबर

बाबांनी खिळा वाकवला. जरासाच. त्यांची स्वतःची पक्कड. जानेवारीत सामानात कानस आणि पक्कड घेऊनच आले होते, "इंजिनिअर जावयाकडे धड पक्कड नसायची" म्हणून. बटाटा पुढे गेला, कुंपण ओलांडून पंधरा पावलं. ईरा ओरडली, मंदार ओरडला, आंटींनी टाळ्या वाजवल्या.

बाबा लाल वहीत आकडा लिहीत म्हणाले, "आता फार तर दहा दिवस."

सगळे नाचतायत आणि मी दहा दिवस मोजतेय.

४ सप्टेंबर, शुक्रवार

केलं. शेवटी केलंच.

बाबा दीड ते तीन झोपतात. एका कानात ऑफिसचा स्टँड-अप कॉल, म्यूटवर. पक्कड घेतली, खिळा सरळ केला. दोन मिनिटं. दिवसभर लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. आज स्वतः एक घातली.

चार वाजता बाबांचा बार. बटाटा थेट आभाळात आणि परत चौकटीवरच फट्ट. बाबा खिळ्याकडे बघत उभे. मग म्हणाले, "हं."

बास, एवढंच. वहीत काहीतरी लिहिलं.

८ सप्टेंबर

त्यांनी नीट केला, काल पंचवीस पावलं गेला. आज मी उलटं केलं, प्रमाणाबाहेर वाकवला. बटाटा सुटायला उशीर, समोरच जमिनीत रुतला.

"हं." वही.

आमच्या घरचं खाणं बिघडलंय. रोज बटाट्याची भाजी. ईरा: "कॅन वी थ्रो समथिंग एल्स?"

१४ सप्टेंबर

आजपासून दोन तास बाहेर. मिळाले, पण वापरले नाहीत. कारण सकाळी कराडहून फोन, शिर्के काकांना ताप, दवाखान्यात घेतलंय. बाबा दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसले. गोफणकाट्याकडे गेले नाहीत. "तुळशीला पाणी कोण घालत असेल गं?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मनाशी वाक्य जुळवलं होतं. बाबा, राहा ना इथे, कायमचे. मला हवे आहात तुम्ही. तोंडातून निघालं, "बाबा, चहा ठेवू?"

चव्वेचाळीस वर्षांची घोडी मी. विचारलं आणि त्यांनी 'नाही' म्हटलं, तर तो 'नाही' पक्का. बाबांचा शब्द त्यांच्या काट्यासारखा, एकदा सील ठोकलं की ठोकलं. न विचारण्यात निदान आशा तरी आहे.

१७ सप्टेंबर

किचनच्या खिडकीतून दिसले. हात मागे बांधून यंत्रासमोर उभे, त्याच्याशी बोलत होते. "काल तर बरोबर होतास रे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानाला खडा. आता नाही हात लावणार.

१८ सप्टेंबर

नाही लावला. चौतीस पावलं.

२१ सप्टेंबर

लावला. चव्वेचाळीस पावलं गेला होता काल. मी तरी काय करू.

२८ सप्टेंबर, सोमवार

कर्फ्यू उठला. त्याहून मोठी बातमी, शिर्के काका घरी आले. आवाज अगदी खोल गेलाय, पण आल्या आल्या म्हणे तुळशीचं विचारलं. बाबांनी देवापुढे साखर ठेवली.

आणि नव्या जोमाने कामाला लागले. बटाटे बंद. किचनच्या वजनकाट्यावर नारळ तोलला. आधी काटा उघडून दुरुस्त केला, सहा ग्रॅम खोटा दाखवत होता म्हणे. माझे इतक्या वर्षांचे केक सहा ग्रॅम चुकले. मग नारळाच्या वजनाइतकी वाळू भरून फडक्याची पुरचुंडी शिवली. आता सराव तिच्यावर.

जेवताना, ताटाकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही: "लाकूड ओल धरतं, हलतं. ते कळतं मला. पण लोखंडाचा खिळा आपोआप कसा हलतो?"

मला ठसका लागला. मंदारने पाणी दिलं. ईरा म्हणाली, "मेलबर्न वेदर, आजोबा."

"असेल," बाबा म्हणाले.

१० ऑक्टोबर

ह्या महिन्यात दोनदाच. तेही अगदी किंचित. बाबा नीट करतात, मी बिघडवते, बाबा नीट करतात. खरं सांगायचं तर दिवसाला एक लय आलीये. सकाळी ते माझ्या कॉफीची वेळ सांभाळतात, दुपारी मी त्यांच्या झोपेची. चारला सगळं घर मागच्या अंगणात. बलजीत आंटी स्टूल घेऊन कुंपणापाशी. बाबा त्यांना मराठीत समजावतात, त्या पंजाबीत शंका विचारतात, दोघांचं छान चाललेलं असतं. वेढा पडलेल्या किल्ल्यात माणसं इतकी मजेत असायची का, ईराच्या पुस्तकात बघायला हवं.

हे सगळं संपणार म्हणून आत्ताच रडू येतं. आत्ता तर ते शेजारच्या खोलीत घोरतायत.

१९ ऑक्टोबर

पंचवीस किलोमीटरपर्यंत जाता येणार. पॉइंट कुकला समुद्रावर गेलो. बाबा पाण्यात पाय बुडवून बराच वेळ उभे. "हे पाणी तिकडेच जातं ना?" म्हटलं, जातं कुठेतरी.

घरी आलो तर मेल. बाबांचं नाव तात्पुरत्या यादीत आलंय. मंदारने सरळ मनाने वाचून दाखवलं. त्याची चूक काहीच नाही, तरी मी त्याच्यावर भांडी आदळली.

बाबा म्हणाले, "बरं झालं." मग कॅलेंडर बघून, "दसरा इथेच होईल."

२५ ऑक्टोबर, दसरा

सावकाश लिहिते. काही सुटायला नको.

झेंडूचा हार आंटींच्या बागेतून. आपट्याऐवजी रस्त्यावरच्या गम ट्रीची, म्हणजे निलगिरीची पानं. बाबांनी पाटावर पांढरं फडकं अंथरून हत्यारं मांडली. कानस, हातोडी, लेव्हलची पट्टी, पक्कड. मी लॅपटॉप ठेवला, मंदारने राउटर. ईराने तिची हॉकी स्टिक. म्हटलं, बाबा, आज नारळ उडवायचा ना? तर म्हणाले, "आज नाही. आज हत्यारांना सुट्टी."

हळदकुंकू वाहिलं. मंदार आणि ईरा शिरा वाढून घ्यायला गेले. बाबांनी पक्कड उचलली, उलटसुलट केली.

"ही मी तोंड डावीकडे करून ठेवतो. छत्तीस वर्षांची सवय. झोपून उठलो की कधी कधी तोंड उजवीकडे असतं."

मी कुंकवाची वाटी उगाच सरळ केली.

"आणि खिळा वाकवताना फडकं गुंडाळायचं असतं, शुभा. नाहीतर पकडीचे दात उमटतात. काटा-फिटरची मुलगी तू. लाज काढलीस माझी."

मग काय, बांधच फुटला. ओक्साबोक्शी रडले. म्हटलं, मला तुम्ही जायला नको आहात. तिथे काय आहे, बंद घर आहे. मला इथे हवे आहात. पाहुणे म्हणून नाही, लेकीचं घर वगैरे काही नाही, माझे बाबा म्हणून.

"मग तसं मला सांगायचं. खिळ्याला कशाला सांगत बसलीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. म्हणालो असतो."

डोळे पुसले. मग मी विचारलं, कधी कळलं?

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी लाल वही आणून दिली. पानामागून पान. तारीख, खिळ्याचा कोन, पावलं. त्यांच्या नोंदींपुढे 'मी', माझ्यापुढे 'शु.' "मी आपला नेहमी अंदाजाने मधेच कुठेतरी वाकवायचो. तू एकदा पार इकडे, एकदा पार तिकडे. त्यामुळे तर सगळं कोष्टक पुरं झालं. आता ढिगावर कुठल्या कोनात पडेल ते मला तोंडपाठ आहे."

म्हणजे मी दोन महिने जे बिघडवत होते, त्यातून त्यांचं यंत्र जुळून आलं. अशी टेस्टर असते होय कुठे!

पकडीला परत कुंकू लावलं त्यांनी. मग माझ्या कपाळाला. जाण्याबद्दल एक शब्द नाही.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

उद्यापासून दुकानं, हॉटेलं उघडणार. टीव्हीवर लोक आनंदाने रडतायत.

सकाळी मेल. सीट पक्की. चार नोव्हेंबर. उत्तर परवा, गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं, नाहीतर पुढच्या माणसाला. मी प्रिंट काढून बाबांच्या चहाशेजारी ठेवली. ह्या वेळी काही लपवलं नाही, काही वाकवलं नाही. फक्त म्हटलं, बाबा, परवा सांगितलं तेच आजही म्हणणं आहे. व्हिसाचं मंदार बघतोय. तुम्ही ठरवा.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. घडी घालून वहीत ठेवलं.

चारला त्यांनी कोष्टक बघून खिळा लावला. मला जवळ बोलावून दाखवला. "बघून ठेव. हाच तो कोन." पुरचुंडी झोळीत. खटका ईराने ओढला. चकत्या खाली आल्या, दांडा फिरला, झोळी सुटली आणि पुरचुंडी अशी काही अलगद गेली की कुणी ओरडलंच नाही. सरळ ढिगाच्या माथ्यावर. धुरळा उठला.

बलजीत आंटी: "वाह भाई साहब!"

मंदार नारळ घेऊन आला. बाबांनी हातात घेतला, हलवून पाणी ऐकलं. "उद्या," म्हणाले. "आज एका दिवसाला एवढं पुरे."

२८ ऑक्टोबर, बुधवार

बाहेर सगळं उघडलं. मंदार ईराला घेऊन केस कापायला रांगेत उभा आहे. घरात मी आणि बाबा. दीडला बाबा झोपले. चारला नारळ.

पावणेतीनला कॉल संपला आणि पाय आपोआप मागच्या अंगणात. हात रिकामे होते, शपथ घेऊन लिहिते. कालचा तो कोन परत एकदा बघावा, डोळ्यांत साठवून ठेवावा म्हणून गेले. त्यांनीच म्हटलं होतं बघून ठेव.

खिळा वाकलेला. प्रमाणाबाहेर. असा की नारळ समोरच्या गवतात रुतेल.

आधी वाटलं, माझ्याच हातून कधी झालं का. झोपेत चालते की काय मी. मग वाकून अगदी जवळून बघितलं. बोट फिरवलं. गुळगुळीत. दातांची एकही खूण नाही. फडकं गुंडाळून वाकवलेला आहे.

तिथेच स्टुलावर बसले. आंटी पलीकडून म्हणाल्या, "क्या हुआ, रो रही है?" म्हटलं, नहीं आंटी, कुछ नहीं.

आता तीन वाजलेत. आतून खोकल्याचा आवाज आला, म्हणजे उठले. उत्तर पाठवायचं उद्या पाचपर्यंत. नारळ टेबलावर आहे. मी काही विचारणार नाही, चहा ठेवते. पक्कड फडक्यावर होती, तोंड डावीकडे. तशीच राहू दिली.